वाळकं तेवढंच उतरवा

मे महिना अर्धा सरला की बिबवेवाडीतल्या सोसायट्यांच्या फाटकाशी कोयता आणि दोरखंड घेतलेली माणसं येऊन उभी राहतात. “नारळ साफ करायचेत का?” सेक्रेटरींना पावसाळ्याआधीची कामं उरकायचीच असतात. ड्रेनेजची झाकणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, झाडांची छाटणी, सगळं एकाच यादीत. तासाभरात शेंड्यावर चार-पाच उभी पानं उरतात, खाली हिरव्या झावळ्यांचा ढीग पडतो आणि झाड कसं मोकळं झालं म्हणून सगळे समाधानाने वर बघतात. अशी हजामत केली की वादळवाऱ्यात धोका नाही, हा समज चांगलाच मुरलेला आहे. तो चुकीचा आहे. पामला साफसफाई फार थोडी लागते. त्याच्यावर नजर मात्र वर्षभर ठेवावी लागते.

आधी झाडाची घडण समजून घेऊ. आंबा, चिंच, गुलमोहर यांची फांदी छाटली तर शेजारच्या डोळ्यातून नवी फूट येते. सालीखालचा जिवंत थर जखमेवर हळूहळू वाढतो आणि काप बुजतो. पाम हा केळी-बांबूंच्या बाजूचा, एकदल. त्याला असा थरच नसतो. खोडावर पडलेली खाच, ठोकलेला खिळा, कोयत्याचा चुकलेला घाव झाड जगेल तोवर तसाच राहतो. वाढही एकाच जागेतून होते, शेंड्याच्या पोटात दडलेल्या कोंबातून. नारळ, रॉयल पाम, फॉक्सटेल हे एकखोडी पाम. त्यांचा कोंब गेला की झाड गेलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘या झाडांची उंची जरा कमी करून घ्या’ अशी सूचना कुणीतरी करतंच. पामची उंची कमी करता येत नाही. शेंडा उडवला की मागे राहतो तो नुसता खांब.

आता पानांचा हिशोब बघा. धडधाकट नारळाच्या शेंड्यावर एका वेळी ३० ते ३५ झावळ्या असतात. वर्षाला १२ ते १४ नव्या उमलतात, तेवढ्याच जुन्या वाळून गळतात. एका झावळीचं आयुष्य अडीच-तीन वर्षांचं. कोयतेवाल्याने एका दमात २० हिरव्या झावळ्या उतरवल्या, तर झाडाची जवळजवळ दीड वर्षाची कमाई खाली आली. नारळाचा फुलोरा पानाच्या बगलेतून निघतो आणि भरलेला घड खालच्या झावळीच्या देठावर टेकून राहतो. ती झावळी काढली की घड लोंबकळतो, दांडा मुडपतो आणि नारळ अवेळी गळतात. म्हणजे ज्या धोक्याच्या भीतीने छाटणी केली, तोच आपण वाढवून ठेवतो.

पिवळ्या पडलेल्या खालच्या पानांबद्दलही एक गोष्ट माहीत हवी. जमिनीत पालाश कमी पडलं की पाम जुन्या पानांतून ते शोषून नव्या पानांना पुरवतो. म्हणून सगळ्यात खालच्या पानांवर नारिंगी ठिपके येतात, टोकं करपतात. दिसायला वाईट, पण झाडाचा तो साठा आहे. अशी पानं शोभेसाठी कापली की झाड वरच्या ओळीतून पालाश ओढायला लागतं, आणि दोन महिन्यांत तीही पिवळी पडते. मग माळी तीही कापतो. दरवर्षी शेंडा लहान होत जाणारे आणि वरच्या बाजूला निमुळते होत गेलेले जे पाम दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची कहाणी हीच असते.

मग कापायचं काय? पूर्ण वाळून तपकिरी झालेली, खाली लोंबणारी पानं. वाळलेले फुलोरे. ज्याखाली माणसं वावरतात त्या झाडावरचे तयार नारळ. एवढंच. अर्धं हिरवं अर्धं वाळकं पान राहू द्या. आणखी सोपी खूण हवी असेल तर शेंड्यावर घड्याळाची तबकडी कल्पून घ्या. नऊ आणि तीन यांना जोडणाऱ्या आडव्या रेषेच्या वरच्या पानाला कोयता लावायचा नाही, कुणी कितीही समजावलं तरी. हिरवी झावळी वीजवाहिनीला टेकते किंवा कुणाच्या खिडकीत घुसते म्हणून काढावीच लागली, तर देठ खोडालगत तासू नका. साधारण चार फूट देठ ठेवून कापा. ताज्या कापाच्या वासावर लाल सोंड्या भुंगा येतो आणि त्या जखमेत अंडी घालतो. देठ लांब असला तर अळी खोडापर्यंत पोचायच्या आत तो वाळून जातो. पुढे वाळलेला तुकडा हाताने सहज निघतो. सहज निघत नसेल तर ओढू नका, वेळ झालेली नाही.

खोड ‘गुळगुळीत’ करून देणारेही भेटतात. देठांचे जुने खुंट, काथ्यासारखी जाळी, सगळं कोयत्याने तासून खोड पॉलिश केल्यासारखं करतात. सुटं झालेलं हाताने काढायला हरकत नाही, त्यात विंचू-झुरळं लपतात. पण तासणं म्हणजे खोड सोलणं. बुंध्याला चुना-गेरूचे पट्टे द्यायचे असतील तर खुशाल द्या, त्याने झाडाचं बिघडत नाही. गणपती-दिवाळीत दिव्यांच्या माळा मात्र खिळ्यांनी ठोकू नका. सैल दोरीने बांधा आणि सण झाला की सोडा.

तुमच्या दारात नेमका कोण आहे

बिबवेवाडीत सोसायट्यांच्या फाटकापासून लॉबीपर्यंत दुतर्फा जे करडं, खांबासारखं, मधे किंचित फुगीर झाड दिसतं, तो बहुधा रॉयल पाम. पुण्यातल्या नर्सरीत त्याला सर्रास बॉटल पाम म्हणतात. खरा बॉटल पाम ठेंगणा असतो आणि त्याचं बूड सुरईसारखं असतं. हा फरक सांगायचं कारण असं की खरा बॉटल पाम माणसाच्या हाताच्या टप्प्यात राहतो, रॉयल पाम पाच-सहा मजल्यांपर्यंत जातो. बिल्डरने लावलेल्या रोपाचा लहानपणीचा फोटो बघून निर्णय घेणारे पुढे फसतात.

रॉयल आणि फॉक्सटेल दोन्ही आपली साफसफाई आपणच करतात. पानांचे देठ खोडाला गुंडाळून हिरवी, गुळगुळीत नळी तयार झालेली असते. सगळ्यात बाहेरचं पान जुनं झालं की त्या नळीवर उभी चीर पडते, रंग तपकिरी होतो आणि काही दिवसांत पान आवरणासकट खाली येतं. हिरवं आवरण ओढून सोलू नका, आतला कोवळा भाग उघडा पडतो. अडचण अशी की पूर्ण वाढलेल्या रॉयल पामचं पान तीन-चार मीटर लांब आणि चांगलंच वजनदार असतं. चौथ्या मजल्याच्या उंचीवरून ते गाडीच्या काचेवर आलं की काच राहत नाही. उपाय कोयत्याचा नाही, पार्किंगच्या आखणीचा आहे. रॉयल पामच्या बुंध्यापासून दोन-तीन मीटरचा गोल मोकळा सोडा, तिथे कमी उंचीची झुडपं लावा, बाक ठेवू नका. वॉचमनला एवढंच शिकवा की नळीवर तपकिरी चीर दिसली की खाली दोरी लावून चार दिवस जागा बंद करायची. सोसायट्या हे करत नाहीत, कारण गोल सोडला की एक-दोन गाड्यांची जागा जाते. मग त्याच जागेवरून दर वर्षी भांडण, आणि शेवटी दोष झाडाला.

नारळाचं तसं नाही. त्याची वाळकी झावळी आठवडेच्या आठवडे लोंबत राहते, म्हणून तिथे माणूस चढवावा लागतो. वर्षातून दोनदा पुरे, एकदा मेच्या सुरुवातीला आणि एकदा दिवाळीच्या आसपास. नारळ धरत असतील तर साधारण दीड महिन्याने तयार घड उतरवत राहावं लागतं. उतरवलेले नारळ कुणाचे, हा प्रश्न मी इथे सोडवणार नाही. तो सोडवलेली सोसायटी माझ्या पाहण्यात नाही.

फिशटेल, म्हणजे माशाच्या शेपटीसारख्या पानांचा पाम, जुन्या बंगल्यांच्या आवारात दिसतो. कोकणात लग्नमांडवाला लावतात तो भेरली माड याच कुळातला. त्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. फळांच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. उघड्या हातांनी फळं गोळा केली तर हाताला भयंकर खाज सुटते. पोरांना आणि सफाईवाल्या मावशींना हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू देऊ नका. दुसरी गोष्ट, एकखोडी फिशटेल आयुष्यात एकदाच फुलतो. फुलोरा शेंड्यापाशी सुरू होऊन काही वर्षं टप्प्याटप्प्याने खाली उतरत येतो, आणि सर्वांत खालचा घड पिकला की खोड मरतं. तेव्हा खत-औषधावर पैसे घालू नका. झाड काढण्याच्या परवानगीची तयारी सुरू करा.

एरिका पामचा झुपका निराळा, त्याला अनेक खोडं असतात. एखादं वाळलं तर जमिनीलगत कापता येतं, बाकीची वाढत राहतात. मधली दाटी विरळ करायला हरकत नाही. बारक्या खजुरी पामच्या देठांच्या तळाशी लांब, टोकदार काटे असतात. ते सांध्यात रुतले तर सूज बरेच दिवस जात नाही, म्हणून जाड चामडी हातमोजे आणि चष्मा हवा. सायकस आणि ट्रॅव्हलर्स पाम हे मुळात पाम नाहीतच. सायकस कुत्र्यांना विषारी आहे, त्याच्या बिया तर फारच. घरात कुत्रं असेल तर त्याची कुंडी उंचावर ठेवा, किंवा देऊन टाका.

वर बघायची सवय

महिन्यातून एकदा प्रत्येक पामखाली उभं राहून वर बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम केलं तरी पुरेसं दिसतं. नवीन उमललेल्या पानावर कात्रीने त्रिकोण कापल्यासारख्या खाचा दिसल्या तर तो गेंड्या भुंगा. तो कोंबाजवळ भोक पाडून मिटलेलं पान कुरतडतो, पान उमलल्यावर ती नक्षी दिसते. हा भुंगा वाढतो कुठे? शेणखताच्या ढिगात, कुजक्या खोडात, कंपोस्टच्या खड्ड्यात. सोसायटीने मोठ्या हौसेने केलेला कंपोस्टचा हौद नारळाशेजारीच असेल तर आपणच त्याची सोय केलेली असते. हौद दूर न्या, दर दोन-तीन आठवड्यांनी खालीवर करा, पांढऱ्या जाड अळ्या दिसतील त्या वेचून नष्ट करा. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी या अळ्यांवर चालते आणि ती बाजारात मिळते, ती कंपोस्टमध्ये मिसळता येते. शेंड्यात आतल्या दोन-तीन पानांच्या बगलेत पाव किलो निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरायची, वर्षातून तीन वेळा. ही कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे आणि कोकणात बागायतदार ती पाळतात. बिबवेवाडीकरांना मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर आहे, पेंड शोधत लांब जावं लागणार नाही.

लाल सोंड्या भुंगा जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. खोडावर बारीक भोकं, त्यांतून तपकिरी चिकट रस आणि चावलेल्या काथ्याचा चोथा, आंबूस वास, ही त्याची लक्षणं. शांत वेळी खोडाला कान लावला तर आत अळ्यांचं कुरतडणं ऐकू येतं. शेंडा कलंडेपर्यंत थांबलात तर काही उरत नाही. लक्षणं दिसली की त्याच आठवड्यात जाणकार माणसाला बोलवा. खोडात भोक पाडून वाटेल ते औषध ओतणं, आणि तेही पोरं खेळतात त्या आवारात, हा घरगुती प्रयोगाचा विषय नव्हे.

पावसाळ्यात मधलं सरळ उभं कोवळं पान फिकट पडलं आणि हलकं ओढताच हातात आलं, तर कोंब कुजतोय. लवकर कळलं तर कुजका भाग खरवडून काढून बोर्डो पेस्ट लावतात आणि वरून पाणी जाणार नाही असं झाकतात. झाड वाचूही शकतं. प्रतिबंध म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी शेंड्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवून मग एकत्र करायचे. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कोयता-करवत स्पिरिटने किंवा ब्लीचच्या पाण्याने पुसायला लावा. हत्याराबरोबर रोग पसरतो. मी इतकी वर्षं बघतोय, हे स्वतःहून करणारा कामगार विरळाच भेटतो. पण बाटली हातात दिली तर नाही म्हणत नाहीत.

नारळाखाली लावलेल्या गाड्या चिकट आणि काळ्या होतात, पायऱ्यांवर काजळी धरते, अशी तक्रार असेल तर पानं उलटी करून बघा. खाली पांढऱ्या मेणचट ठिपक्यांची वलयं असतील तर ती चक्राकार पांढरी माशी. भारतात तिची नोंद २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला झाली आणि नंतर ती कोकणातही पोचली. ती गोडसर स्राव टाकते, त्यावर काळी बुरशी वाढते. यावर जहाल कीटकनाशक मारू नका, कारण या माशीची पिल्लं पोखरणारी एक चिमुकली गांधीलमाशी निसर्गातच आहे आणि फवारणीत आधी तीच मरते. ठेंगण्या झाडांची पानं खालच्या बाजूने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, आणि फारच झालं तर निंबोळी तेल. गाडी धुवावी लागेल.

वारा, माणूस आणि कायदा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पुण्यातही झाडं पडली. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत इथे छाटणीला ऊत आला. पण पाम वाऱ्यात वाकतो, पानं वाऱ्याच्या दिशेने मिटतात आणि वारा ओसरला की परत उघडतात. त्याची घडणच किनाऱ्यावरच्या वाऱ्यासाठी झालेली आहे. झाड पडतं ते मुळं कापली गेल्याने, बुंधा कुजल्याने, खोड पोखरलं गेल्याने. हिरवी पानं काढून यातलं काहीच सुधारत नाही.

म्हणून पावसाळ्याआधी खरी तपासणी बुंध्याची करा. बुंध्याशी कडक, अर्धगोल, चकचकीत तपकिरी भूछत्रं उगवली असतील तर आत कूज आहे आणि ती बरी होत नाही. लाकडी दांडक्याने ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का. शेजारी नवी पाइपलाइन, केबल, पेव्हर ब्लॉक यासाठी खणलं असेल तर किती मुळं तुटली ते बघा. पामची मुळं दोरीसारखी सारख्या जाडीची राहतात, वडा-पिंपळासारखी फुगून भिंत फोडत नाहीत. तेव्हा कंपाउंडच्या भिंतीला तडा गेला म्हणून पाम तोडायची मागणी आली तर आधी भिंतीचा पाया तपासा.

जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यांचा जीव गेला. त्या झाडाबद्दल महापालिकेकडे आधीच अर्ज झाला होता, हे नंतर सगळ्यांना कळलं. अशा झाडासाठी तोंडी बोलणी उपयोगाची नाहीत. फोटो, तारीख, काय लक्षणं दिसतात ते लिहून क्षेत्रीय कार्यालयात किंवा महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या, पोच घ्या आणि निर्णय येईपर्यंत त्या झाडाखालची वाट बंद ठेवा.

परवानगी लागतेच. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे. खासगी आवारातलं झाड आपलं असलं तरी तोडायचा अधिकार वृक्ष प्राधिकरणाच्या मंजुरीनंतरच मिळतो. आणि वर म्हटल्याप्रमाणे पामचा शेंडा उडवणं म्हणजे तो तोडणंच आहे, त्याला छाटणी म्हणून पळवाट काढता येत नाही. गोव्यात २०१६ मध्ये सरकारने माडाला कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलं होतं, त्यावरून एवढं रान उठलं की पुढच्याच वर्षी त्याला परत घ्यावं लागलं. आपल्याकडे तसा घोळ घालू नये.

आता चढणाऱ्या माणसाविषयी. गोव्यात आणि सिंधुदुर्गात पाडेली असतात, त्यांचं कसब पिढ्यांचं. पुण्यात येणाऱ्यांपैकी काही खरे जाणकार असतात, काही कालपर्यंत रंगकाम करत होते. खोडात खाचा पाडून किंवा बुटाला लोखंडी काटे लावून चढणाऱ्याला नको म्हणा. त्या प्रत्येक भोकातून भुंगा आणि कूज शिरते. दोरीच्या फासाने, शिडीने किंवा पाय ठेवून चढायच्या यंत्राने काम होतं. नारळ विकास मंडळाने २०११ पासून अशा यंत्रावर चढण्याचं प्रशिक्षण दिलं आहे आणि चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा ही विमा योजनाही आहे. तुमच्याकडे येणाऱ्याचा विमा आहे का, हे विचारा. कमरेचा पट्टा, दुसरी दोरी, हेल्मेट, खाली उभा राहणारा एक माणूस आणि आखलेली जागा, यांतलं काही नसेल तर काम सुरू करू देऊ नका. तारांजवळचं झाड असेल तर आधी महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्या. अॅल्युमिनियमची शिडी आणि ओली हिरवी झावळी दोन्हीतून वीज वाहते.

मजुरी कशी ठरवता यावर बरंच अवलंबून आहे. टेम्पोभर पाला म्हणून भाव ठरवलात तर टेम्पो भरण्याइतकी पानं कापली जाणारच. झाडामागे रक्कम ठरवा, आणि कागदावर एक ओळ लिहा, हिरवी झावळी उतरवायची नाही. पहिलं झाड होईपर्यंत कुणीतरी खाली थांबा.

चढायच्या आधी घरटी बघा. पंख्यासारख्या पानांच्या पामवर ताडपाकोळी पानाच्या खालच्या बाजूला लाळेने पिसं चिकटवून घरटं करते. नारळाच्या आणि शिंदीच्या झावळ्यांच्या टोकाला सुगरणीची घरटी लोंबतात. सुगरणीचा हंगाम पावसाळ्यात असतो, ताडपाकोळीच्या पानाला तर वर्षभर हात न लावलेला बरा. आग्या मोहोळ असेल तर ते काम वेगळ्या माणसाचं आहे.

खाणं-पिणं

बिबवेवाडी टेकडीच्या उतारावर वसलेली. बऱ्याच सोसायट्यांच्या वाफ्यांत वरची चार बोटं लाल माती आणि खाली पाया खणताना निघालेला मुरूम आणि राडारोडा असतो. त्यात बोअरचं जड पाणी. अशा चुनखडीच्या जमिनीत लोह आणि मँगनीज असूनही मुळांना मिळत नाही. नवीन पानं लहान, आखडलेली, जळाल्यासारखी निघत असतील तर मँगनीजची कमतरता धरा. नवीन पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची. जुन्या पानांच्या कडा रुंद पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियमची. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून ‘पिवळं पडलंय, युरिया टाका’ हे ऐकू नका. उलट नुसता युरिया टाकला की पालाशची उपासमार वाढते. कासरगोडच्या संस्थेने फळत्या नारळासाठी वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १,२०० ग्रॅम पालाश सांगितलं आहे. म्हणजे पालाश नत्राच्या दुपटीहून जास्त. शोभेच्या पामला मात्रा कमी लागेल, पण प्रमाण हेच डोळ्यांसमोर ठेवा. जूनमध्ये आणि सप्टेंबरअखेर असं दोन हप्त्यांत, बुंध्यापासून दोन-तीन फूट सोडून, सोबत चांगलं कुजलेलं शेणखत.

पाणी उन्हाळ्यात मोठ्या नारळाला चार दिवसांतून एकदा साधारण २०० लिटर. टँकरच्या दिवसांत हे ऐकायला जड वाटतं. सांडपाणी प्रक्रियेचं पाणी सोसायटीत असेल तर ते इथे वापरा. जुन्या वाड्यांत नारळ मोरीच्या पाण्यावरच वाढले, फक्त तेव्हा मोरीत डिटर्जंट आणि फिनेल नव्हतं. झावळ्या आणि शहाळ्यांची सालं आळ्यात पसरा, ओल टिकते. पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत भिडवलेले असतील तर किमान चार फूट रुंदीचं आळं मोकळं करून घ्या. उलट बुंध्याशी मातीचा ढीगही घालू नका, खोड गाडलं की कुजतं.

घरातल्या कुंड्यांचं थोडक्यात. एरिका किंवा ऱ्हापिसच्या पानांवर रस्त्याची धूळ बसते, ती ओल्या मऊ कापडाने पुसा, पानाखाली दुसरा हात धरून. दूध, खोबरेल तेल, चकाकी आणणारे स्प्रे लावू नका, धूळ आणखी चिकटते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पानाखाली बारीक जाळी आणि लाल कोळी दिसले तर कुंडी बाथरूममध्ये नेऊन पानं धुवा. टोकं तपकिरी होणं बहुतेक वेळा क्षारांमुळे, आरओचं टाकाऊ पाणी एरिकाला देत असाल तर ते आधी थांबवा. टोक कापायचं तर तपकिरी भागाची बारीक कड ठेवून कापा, हिरव्यात कात्री गेली की ते पुन्हा वाळतं.

खाली पडलेलं

रॉयल पामचं गळलेलं आवरण आणि फुलोऱ्यावरची होडीसारखी साल पावसाळ्यात पालथी करून ठेवा. उताणी पडली की त्यात पाणी साचतं आणि डेंगीचे डास आठवडा-दीड आठवड्यात तयार होतात. कुंड्यांच्या बशा तपासणाऱ्या सोसायट्या इमारतीमागच्या कोपऱ्यातला हा पसारा हमखास विसरतात.

पाला जाळू नका. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या प्रकरणात ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड सांगितला. झावळ्यांचे हीर सोलून खराटे होतात, सफाईच्या मावशींना विचारून बघा, त्या आनंदाने नेतात. उरलेल्या झावळ्या अख्ख्या कंपोस्टमध्ये टाकल्या तर वर्षभर तशाच राहतात, त्यांचे तुकडे करणारं यंत्र एक-दोन सोसायट्या मिळून भाड्याने आणू शकतात.

आणि परवानगी घेऊन झाड तोडलंच, तर त्याचं खोड आवारात बसायला बाक म्हणून ठेवायचा मोह आवरा. पडलेलं नारळाचं खोड म्हणजे दोन्ही भुंग्यांचं प्रसूतिगृह. त्याच आठवड्यात तुकडे करून बाहेर पाठवा. बुंधा जमिनीखाली हातभर खणून काढा, खड्ड्यातली मुळं वेचा. झाड बुंधाकुजीने गेलं असेल तर त्या खड्ड्यात पुन्हा पाम लावू नका, तिथे कडुलिंब किंवा बहावा लावा.